दिवा लागला नाही, तर गुण कशाचे द्यायचे?

वाचकाचा प्रश्न

माध्यमिक वर्गांना विज्ञान शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचं पत्र आहे. त्यांच्या वर्गात ४० मुलं, चार-चारांचे १० गट. प्रत्येक गटाने तीन आठवड्यांत एक प्रकल्प स्वतःच्या हाताने करायचा आणि शेवटच्या दिवशी मांडायचा. गुण २०; त्यांतले १० 'वैज्ञानिक समज' आणि १० 'सर्जनशीलता'. या वेळी तयार किटमधून जोडलेल्या, छान रंगवलेल्या एका मॉडेलला बाईंनी १८ गुण दिले, दुसऱ्या परीक्षकांनी ११. एका गटाच्या पवनचक्कीवर एलईडी लागला नाही म्हणून बाईंनी ९ दिले. दुसऱ्या परीक्षकांनी त्या मुलांशी बराच वेळ बोलून १६ दिले. आता पालकांच्या तक्रारी आल्या आहेत. बाई विचारतात: सर्जनशीलता दहापैकी मोजायची कशी? कोणीही तपासलं तरी तेच गुण येतील असा पक्का तक्ता असतो का? आणि त्या पवनचक्कीच्या गटाचे गुण आता बदलावेत का?

उत्तर

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू या, कारण बाकीच्या दोन प्रश्नांची किल्ली त्यातच आहे.

मुलं पवनचक्कीत बहुतेक वेळा खेळण्यातली छोटी, सेलवर चालणारी (डीसी) मोटर जनित्र म्हणून, म्हणजे वीज तयार करायला वापरतात. पुठ्ठ्याची किंवा बाटलीच्या प्लॅस्टिकची पाती लावून ती पंख्यासमोर एक मीटरवर धरली, तर बऱ्याचदा एक व्होल्टसुद्धा मिळत नाही. लाल एलईडी पेटायला साधारण १.८ व्होल्ट लागतात, पांढऱ्याला ३ च्या आसपास. म्हणजे दिवा लागणार नाही हे मोटर निवडली तेव्हाच जवळजवळ ठरलं होतं. त्यातून एलईडी एकाच दिशेने वीज जाऊ देतो. दोन तारा उलट्या जोडल्या गेल्या तर पुरेसे व्होल्ट असूनही तो अंधारातच राहतो. 'दिवा लागला की नाही' या कसोटीने तुम्ही मोटर तपासली. मुलांना काय कळलं, हे त्या कसोटीतून समजण्याचा मार्गच नव्हता.

त्याच मुलांनी मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं साधन) लावून '०.४ व्होल्ट येतात, एलईडीला १.८ लागतात, म्हणून लागत नाही' एवढं शोधून काढलं असेल, तर त्या दिवशी मांडलेल्या दहा प्रकल्पांत सर्वांत पक्कं विज्ञान कदाचित त्यांचंच असेल. आणि त्यांनी काहीच मोजलं नसेल, नुसतंच 'वारा कमी होता' असं म्हटलं असेल, तर तुमचे ९ फार चुकलेले नाहीत. दोन्हींपैकी काय झालं हे मॉडेलकडे कितीही निरखून पाहिलं तरी दिसणार नाही. दुसऱ्या परीक्षकांनी ते बोलून काढून घेतलं, एवढाच फरक.

म्हणून माझं मत असं: एकट्या त्या गटाचे गुण बदलू नका. तक्रार आली त्याचे वाढले, बाकीचे तिथेच राहिले, हा दुसरा अन्याय होईल. निकाल अजून लागला नसेल तर दहाही गटांशी सहा-सहा मिनिटं बोला, प्रत्येक मुलाला एक छोटा लेखी प्रश्न द्या (त्याबद्दल पुढे लिहिलं आहे) आणि सगळ्यांचं गुणदान एकाच निकषाने नव्याने करा. निकाल लागून गेला असेल तर आकडे राहू द्या, पण त्या गटाला लेखी शेरा द्या: काय नीट केलं, कुठे थांबलात, पुढे काय मोजायचं. मुलांना त्याचा उपयोग जास्त होईल.

आता तक्त्याकडे येऊ. तुमच्या आणि दुसऱ्या परीक्षकांच्या गुणांत सात-सातचं अंतर पडलं, ते तक्ता ढोबळ होता म्हणून पडलं असं तुम्ही गृहीत धरलं आहे. तसं दिसत नाही. तुम्ही वस्तू तपासली आणि त्यांनी विचार तपासला. दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या तर तक्त्यात वीस रकाने केले तरी आकडे जुळणार नाहीत. उलट तक्ता फार बारीक केला की मुलं तक्त्यासाठीच काम करू लागतात. 'किमान तीन बदल करून पाहावेत' असं लिहिलंत की वर्गातला प्रत्येक गट बरोबर तीन बदल करून थांबतो. चौथा बदल करण्याची इच्छा असलेला गटसुद्धा.

वस्तूऐवजी मुलांनी घेतलेले निर्णय तपासायचे, आणि ते निर्णय नंतर दिसावेत अशी सोय आधीपासून करून ठेवायची, हे खरं काम आहे. काय बदलायचं, काय तसंच ठेवायचं, कशाने मोजायचं, बिघडलं तेव्हा काय ठरवलं: प्रकल्पातलं शिकणं या निर्णयांत असतं. शेवटच्या दिवशी ते सगळे पुसले गेलेले असतात आणि समोर फक्त रंगवलेला पुठ्ठा उरतो.

यासाठी तीन गोष्टी पुरतात.

पहिली, कच्ची नोंदवही. गटाची एकच, पेनाने लिहिलेली, पुन्हा उतरवून न काढलेली. प्रत्येक तासाच्या शेवटी पाच मिनिटं, पाच ओळी: आज काय केलं, काय मोजलं, काय बिघडलं, कारण काय वाटतं, पुढच्या वेळी काय बदलणार. चित्रं चालतील, ज्या मुलांचं लिखाण कच्चं आहे त्यांच्यासाठी ती हवीतच. खाली बारीक अक्षरात 'कोणाची मदत घेतली आणि कशासाठी' ही सहावी ओळ. यात हमखास बिघडतं ते असं की अख्खी वही शेवटच्या रात्री एका बैठकीत लिहिली जाते. सगळीकडे एकच शाई, एकच अक्षर आणि एकही खाडाखोड नाही, अशी वही पाहिली की समजायचं. उपाय सोपा आहे: तास संपताना वर्गातून फिरत प्रत्येक वहीवर तारीख आणि सही. दहा गटांना दोन मिनिटं लागतात. त्या वेळी वाचायचं नाही, फक्त सही करायची. आणि सुंदर अक्षराला गुण नाहीत हे पहिल्याच दिवशी सांगून टाका, नाहीतर मुलं पक्की वही करायला घेतातच.

दुसरी, साहित्य हातात देण्याआधी एक थांबा. गटाने एका पानावर लिहून आणायचं: आमचा प्रश्न, आमचा अंदाज आणि त्याचं कारण, आम्ही एकच काय बदलणार, काय तसंच ठेवणार, काय मोजणार, कशाने. हे पान दोन मिनिटांत वाचून होतं. बहुतेक गटांच्या पानावर 'काय मोजणार' हा रकाना रिकामा असतो किंवा तिथे 'चालतं का ते पाहणार' असं लिहिलेलं असतं. तिथेच अडवा. एकदा कापाकापी सुरू झाली की प्रश्न बदलायला कोणी तयार होत नाही.

याच थांब्यावर विषयही तपासून घ्या. काही विषयांत मुलांना ठरवायला काही उरतच नाही, आणि मग तपासणाऱ्यालाही काही सापडत नाही. सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी घ्या: ओतलं, फसफसलं, संपलं. तो विषय नाकारायची गरज नाही, प्रश्न फिरवायला लावा. बाटलीत व्हिनेगर, फुग्यात ५ ग्रॅम खाण्याचा सोडा. फुगा बाटलीच्या तोंडावर चढवून सोडा आत पाडायचा आणि फुग्याचा घेर दोऱ्याने मोजायचा. व्हिनेगर २०, ४०, ६०, ८०, १०० मिलिलिटर असं वाढवत न्यायचं, सोडा तेवढाच. ५ टक्क्यांचं व्हिनेगर असेल तर साधारण ७० मिलिलिटरला सगळा सोडा संपतो. त्यापुढे व्हिनेगर वाढवलं तरी फुगा जवळपास तेवढाच राहतो. 'वाढायचा थांबला, का थांबला?' इथे मुलांना विचार करावाच लागतो. बिघडतं कुठे, तर फुग्याचं तोंड सैल बसतं आणि वायू निसटतो, किंवा थोडा सोडा फुग्यातच चिकटून राहतो. या दोन गोष्टी कोणत्या गटाने पकडल्या, ही तपासायला उत्तम जागा. मात्र फुग्याऐवजी घट्ट झाकण लावू देऊ नका. बंद बाटली फुटू शकते.

तिसरी गोष्ट, ती सहा मिनिटांची बोलणी. दहा गट, एक तास. हे भाषण नाही आणि पाठांतराची परीक्षाही नाही. 'तुमच्या प्रकल्पाची माहिती सांगा' असं म्हटलंत की सर्वांत धीट मूल पाठ केलेला परिच्छेद म्हणून दाखवतं आणि उरलेली तिघं मान हलवतात. त्याऐवजी करून दाखवायला लावा. 'तीन पात्यांची चार केली तर व्होल्ट वाढतील की कमी होतील? आधी सांग, मग आत्ताच लावून बघ.' अंदाज चुकला तर गुण कापायचे नाहीत. अंदाजाचं कारण ऐका, आणि उलट निकाल समोर आल्यावर मूल काय करतं ते पाहा. 'असं कसं झालं, परत लावून बघू' म्हणणारं मूल आणि 'मल्टिमीटर खराब आहे' म्हणून हात झटकणारं मूल, यांतला फरक तुम्हाला दहा सेकंदांत दिसेल. अबोल मुलांसाठी 'सांग'पेक्षा 'दाखव' हा शब्द वापरा: ही तार काढून परत जोड, पातं याच कोनात का चिकटवलंस ते हाताने दाखव. पालकांनी करून दिलेला प्रकल्प इथे आपोआप उघडा पडतो, आणि मुलाला खोटं पाडण्याची वेळही येत नाही.

आता या सगळ्यांत शिकणं ओळखायचं कशावरून? विद्युतचुंबकाचा प्रकल्प घेऊ, तो जवळजवळ प्रत्येक वर्गात असतो. दहा सेंटिमीटरचा लोखंडी खिळा, वीज अडवणारा एनॅमलचा लेप असलेली तांब्याची तार, १.५ व्होल्टचा सेल आणि टाचण्या. प्रश्न: वेढे वाढवले की जास्त टाचण्या उचलल्या जातात का?

यात बिघडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. तारेच्या टोकांवरचा लेप खरवडला नाही तर एकही टाचणी उचलली जात नाही. जोडणी बराच वेळ चालू ठेवली तर सेल गरम होऊन उतरतो. पाच सेकंदांत मोजून तार सोडायला हवी. आणि सर्वांत फसवी गोष्ट ही: मुलं आधी ५० वेढे मोजतात, मग १००. तोवर सेल थकलेला असतो, त्यामुळे १०० वेढ्यांचा आकडा अपेक्षेपेक्षा लहान येतो. त्यात तारही लांबल्यामुळे तिचा रोध (विजेला होणारा अडथळा) वाढून प्रवाह कमी झालेला असतो. खिळा पोलादी असेल तर जोडणी तोडल्यावरही थोडं चुंबकत्व उरतं आणि पुढचं मोजमाप शून्यापासून सुरू होतच नाही.

एखाद्या गटाने ५०, १०० असं मोजून झाल्यावर पुन्हा ५० वेढ्यांकडे जाऊन पाहिलं, आणि पहिल्यापेक्षा कमी टाचण्या आल्या म्हणून 'सेल उतरला असावा' असं वहीत लिहिलं, तर त्या एका ओळीत प्रकल्पाचं सगळं शिक्षण आहे. ती ओळ मॉडेलवर कुठेही दिसत नाही. शिवाय ती सर्जनशीलही आहे, त्याकडे येतोच.

दुसरं उदाहरण आकड्यांचं. ५० वेढ्यांना तीन वेळा मोजून ११, १४, ९ टाचण्या आल्या. ६० वेढ्यांना १३, १०, १५. सरासरी ११.३ आणि १२.७. 'म्हणून ६० वेढे जास्त चांगले' हा निष्कर्ष बरोबर आहे का? एकाच मांडणीत आकडे पाच-पाचने खालीवर होत असताना दीडहूनही कमी फरक म्हणजे पुरावा नव्हे. 'इतक्या फरकावरून सांगता येत नाही, ५० आणि १५० ची तुलना करून पाहू' असं म्हणणाऱ्या गटाला निष्कर्षाचे पूर्ण गुण द्यायला हवेत. प्रत्यक्षात त्यांना 'निष्कर्ष निघाला नाही' म्हणून शून्य मिळतं, आणि पुढच्या वर्षी ती मुलं आकडे जुळवून आणायला शिकतात.

गुण २० असतील तर वाटणी अशी सुचवेन. प्रश्न आणि कारणासह अंदाज ३. मोजमाप आणि रास्त तुलना ५. पुराव्याला धरून निष्कर्ष ५. केलेले बदल आणि त्यांची कारणं ४. प्रत्येकाचा वैयक्तिक लेखी प्रश्न ३. मॉडेलच्या देखणेपणाला काही नाही. ते सुरक्षित आहे आणि हाताळल्यावर सुटून पडत नाही, एवढी 'हो किंवा नाही' अशी खूण पुरे. मोजमापाच्या पाच गुणांचा उलगडा नमुन्यासाठी देतो, बाकीचे निकष याच धर्तीवर करता येतील. नुसतं 'जास्त', 'कमी' असं लिहिलं असेल तर १. आकड्यांत मोजलं पण एका वेळी दोन गोष्टी बदलल्या, तर २. एकच गोष्ट बदलली पण एकदाच मोजली, तर ३. एकच गोष्ट बदलून किमान तीनदा मोजलं, तर ४. तीनदा मोजून आकड्यांतली तफावत पाहिली आणि ती निष्कर्षात विचारात घेतली, तर ५. 'उत्कृष्ट', 'चांगले', 'बरे' ही विशेषणं टाळा. त्यांचा अर्थ प्रत्येक परीक्षकाच्या डोक्यात वेगळा असतो.

वैयक्तिक प्रश्न कशासाठी, तर चौघांच्या गटात एकाने केलं आणि तिघांनी पाहिलं, ही तक्रार त्याशिवाय सुटत नाही. दहा मिनिटं, एक कागद, स्वतःच्या प्रकल्पावर नाही तर दुसऱ्याच एखाद्या नमुन्यावर. उदाहरणार्थ: 'एका गटाने तीन पात्यांची चक्की पंख्याच्या दोन नंबरवर आणि चार पात्यांची तीन नंबरवर चालवली. चार पात्यांना जास्त व्होल्ट आले. चार पाती चांगली, असं म्हणता येईल का? का? तुम्ही काय पुन्हा मोजाल?' खोट पकडली १, कारण दिलं १, दुरुस्त चाचणी सुचवली १. जे मूल प्रकल्पात खरोखर गुंतलं होतं त्याला हे जड जात नाही, मग त्याचा प्रकल्प पाण्याच्या गाळणीचा का असेना. गटातली कामंही दर तासाला फिरवा: बांधणी, मोजणी, नोंद, साहित्य. नाहीतर पक्कड एकाच्याच हातात राहते आणि ज्यांचं अक्षर चांगलं ती मुलं तिन्ही आठवडे नुसती लिहीत बसतात.

एक धोका मात्र आहे. अपयशालाही किंमत आहे असं कळलं की काही गट अपयशं रचू लागतात: 'आधी पातं तुटलं, मग गोंद निघाला, मग मोटर बंद पडली.' त्यावर नियम ठेवा: नुसत्या बिघाडाला गुण नाहीत. बिघाड, त्याचं संभाव्य कारण आणि ते कारण खरं आहे का हे पाहायला केलेली चाचणी, अशी तिन्ही असतील तरच ती नोंद मोजायची.

आता सर्जनशीलता. या शब्दाखाली तुमच्याकडे बहुधा दोन गोष्टी तपासल्या जातात: सजावट आणि 'हे आधी कोणी केलं नव्हतं'. सजावट बाजूला ठेवू. दुसरी अपेक्षाही शाळकरी मुलांसाठी अवास्तव आहे. पवनचक्की शतकानुशतकं आहे. त्या मुलासाठी, त्या वर्गात, हातात होत्या तेवढ्या साहित्यातून ही वाट नवी होती का आणि तिने काम झालं का, एवढंच विचारणं रास्त आहे. नुसतं वेगळं पण निरुपयोगी असेल तर त्याला विचित्र म्हणावं लागेल, सर्जनशील म्हणता येणार नाही.

आणि ती शोधायची जागाही बदला. विज्ञानाच्या प्रकल्पात सर्जनशीलता बांधणीपेक्षा मोजणीत जास्त दिसते, आणि तिथे सहसा कोणी पाहत नाही. चक्कीच्या फेऱ्या मोजायचं यंत्र नाही, म्हणून एका पात्यावर खूण करून मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटींचं संथ चित्रण करणारी मुलं पाहा. एका फेरीला २४ चौकटी लागल्या तर सेकंदाला १० फेऱ्या, मिनिटाला ६००. खूण केली नसती तर सारख्या दिसणाऱ्या पात्यांत नेमकं कोणतं फिरून परत आलं हे कळलं नसतं. ती खूण म्हणजे विचार. दुसरा गट व्होल्टच्या नादी न लागता दांड्याला दोरा बांधून एक मीटर उंचीपर्यंत छोटा डबा ओढायला लावतो आणि सेकंद मोजतो. पाण्याच्या गाळणीवाले काय करतील? गढूळपणा मोजायला उपकरण नाही, म्हणून उभट काचेच्या ग्लासाखाली छापील कागद ठेवून, वरून पाहत, अक्षरं दिसेनाशी होईपर्यंत पाणी ओतायचं आणि उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची. जितकी उंची जास्त तितकं पाणी स्वच्छ. यांतलं मॉडेल सजवलेलं नसेलही, पण मुलांनी न दिसणारी गोष्ट आकड्यात आणली आहे.

(गाळणी निघालीच आहे तर: वाळू आधी धुतली नाही तर पहिलं पाणी आत ओतलं त्यापेक्षा गढूळ निघतं, आणि मुलं गाळणी फसली असं समजतात. शिवाय 'हे पाणी आता पिता येईल का?' हा प्रश्न प्रत्येक गाळणीवाल्या गटाला विचाराच. नितळ दिसणाऱ्या पाण्यातही जंतू असू शकतात. रेती, खडी आणि कोळशाची घरगुती गाळणी ते खात्रीने काढत नाही. 'हो, पिता येईल' हे उत्तर आलं तर समजेचे गुण कमी करावेत, आणि मुळात कोणालाही ते पाणी चाखू देऊ नये.)

माझी पहिली शिफारस अशी की सर्जनशीलतेला वेगळे गुण देऊ नयेत, तिची शब्दांत नोंद करावी: 'फेऱ्या मोजण्यासाठी पात्यावर खूण करण्याची कल्पना या गटाची.' ही ओळ मुलांच्या लक्षात राहते. गुण हवेतच असतील तर वर सांगितलेल्या 'बदल आणि कारणं' या चार गुणांत ती आपोआप मोजली जाते. शाळेचा नियमच दहा गुणांचा असेल, तर एक ते दहा अशी पट्टी वापरू नका. सहा आणि सात यांतला फरक कोणालाही सांगता येत नाही. चार पायऱ्या ठेवा. दिलेली कृती जशीच्या तशी केली: ४. कृतीत बदल केला पण का, ते सांगता आलं नाही: ६. अडचण पाहून स्वतःचा उपाय काढला आणि तो चालतो का ते तपासलं: ८. एकाहून जास्त वेगळ्या वाटा करून पाहिल्या आणि पुराव्यावरून त्यांतली एक निवडली: १०. तयार किट याच पट्टीवर तपासा. किट वापरणं गुन्हा नाही, फक्त मोजणी किट संपतं तिथून सुरू करायची. नुसतं जोडलं असेल तर पहिली पायरी, मग ते कितीही चकचकीत असो. किट घेणाऱ्या गटाला आधीच अट घाला: त्यातली एक तरी गोष्ट बदलायची आणि परिणाम मोजायचा.

पायरीवर दोन परीक्षकांचं एकमत होत नसेल, तर मानसशास्त्रज्ञ टेरेसा अमाबिले यांनी १९८२ साली मांडलेल्या पद्धतीतले नियम उपयोगी पडतील. त्या विषयातलं काम माहीत असलेले परीक्षक. प्रत्येकाने स्वतंत्रपणे, आपसांत न बोलता तपासायचं. प्रत्येकाचा क्रम वेगळा. आणि तुलना आदर्श प्रकल्पाशी नाही, समोर असलेल्या प्रकल्पांची एकमेकांशी. शेवटचा नियम मोलाचा आहे. 'हे दहापैकी किती?' यापेक्षा 'या दोन वह्यांपैकी कोणत्या वहीत जास्त कल्पकता दिसते?' याचं उत्तर माणसं अधिक खात्रीने देतात.

तुम्हाला हवा तसा, कोणीही तपासलं तरी तोच आकडा देणारा तक्ता मात्र मिळणार नाही. अंतर कमी करता येतं, आणि ते तक्त्यापेक्षा सरावाने होतं. आधीच्या वर्षीच्या तीन वह्या घ्या, दोघांनी वेगवेगळ्या तपासा, मग अर्धा तास बसून फक्त तफावतीवर बोला. तपासताना एक गट पूर्ण, मग दुसरा असं करू नका. सगळ्या गटांचा एक निकष संपवा, मग दुसरा निकष घ्या. नाहीतर पहिल्या निकषावर आवडलेल्या गटाला पुढच्या सगळ्या निकषांत नकळत झुकतं माप मिळतं. आणि गुणदान मांडणीच्या दिवशी करू नका. त्या दिवशी रंग, दिवे, गर्दी आणि पालक यांचं वजन फार असतं.

शेरे आणि गुण एकदम द्यावेत का, हेही ठरवावं लागेल. शिक्षणसंशोधक रुथ बटलर यांच्या १९८८ सालच्या अभ्यासात फक्त शेरे मिळालेल्या मुलांची कामगिरी सुधारली आणि रस टिकला. शेऱ्यांबरोबर गुणही मिळालेल्यांना तो फायदा झाला नाही. म्हणून मधल्या आठवड्यात वही पाहाल तेव्हा आकडा लिहू नका. एकच प्रश्न लिहा: 'चारही पात्यांचा कोन सारखा आहे हे कशावरून?' पुढच्या तासाला गट त्या प्रश्नाचं काय करतो, ते शेवटच्या गुणदानात धरा.

पालकांना तक्ता दाखवून फारसं काही साधत नाही. वहीचं पान दाखवा. 'तुमच्या मुलीने हे मोजलं, इथे आकडे जुळले नाहीत, तेव्हा तिने हे करून पाहिलं' असं पानावर बोट ठेवून सांगता आलं की '१८ का नाहीत' हा वाद बराच निवळतो. मदतीबद्दलही त्यांना आधीच सांगा: धारदार कापणं, तापलेली इस्त्री, गरम गोंद यांसाठी मोठ्यांनी हात लावावा आणि ते वहीत लिहावं, काय बदलायचं आणि कशाने मोजायचं हे मुलांना ठरवू द्यावं.

यातलं सगळं एकदम आणायला जाऊ नका, तुमचाच दम निघेल. पुढच्या प्रकल्पाला सही केलेली कच्ची वही आणि सहा मिनिटांची बोलणी, एवढंच घ्या. आणि निकष पहिल्या दिवशी मुलांच्या हातात द्या, सोबत एक जुनी वही देऊन त्यांनाच ती तपासायला लावा. वैयक्तिक प्रश्न त्याच्या पुढच्या वेळी. शाळेत मल्टिमीटर एकच असेल तर पवनचक्की, विद्युतचुंबक आणि सेलचे प्रकल्प एकाच आठवड्यात लावू नका. मोजायला साधन मिळालं नाही की मुलं पुन्हा दिवा लागतो का तेच पाहत बसतात.